एका इंजिनाचं टर्बोप्रॉप घेताय? आधी स्वतःच्या प्रवासाची वही उघडा

फोन बहुतेक रविवारी संध्याकाळी येतो. पलीकडचा माणूस चार-पाच वर्षं पिस्टन इंजिनाचं विमान उडवत असतो. व्यवसायाचा जम बसलेला असतो, मुलं मोठी झालेली असतात, भारतातून आई-बाबा दरवर्षी येऊन राहतात. त्याला आता टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं विमान, हवं असतं आणि त्यातल्या दोन नावांचा प्रश्नही ठरलेला असतो : "टीबीएम घेऊ की पीसी-१२?" मी विचारतो, "गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेलात? सोबत किती जण होते?" बहुतेकांकडे उत्तर तयार नसतं. वेगाचे, उंचीचे, किमतीचे आकडे मात्र तोंडपाठ असतात.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बावीस वर्षं टेक्सासात. आधी पिस्टन इंजिनाचं बोनान्झा उडवायचो, आता पायपर मेरिडियन हे जुनं टर्बोप्रॉप उडवतो. या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींसाठी हा लेख आहे. खासगी टर्बोप्रॉपची सर्वात मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे, म्हणून बहुतेक उदाहरणं इथलीच आहेत. भारतात विमान ठेवायचं असेल तर काय वेगळं पडतं, तेही पुढे येईल.

आधी इंजिन समजून घ्या

या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या विमानांच्या नाकात एकाच घराण्याचं इंजिन असतं, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते बनतंय. आत दोन वेगळ्या टर्बाइन असतात आणि त्यांना जोडणारा दांडा नसतो. एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर हवेच्या झोतानेच दुसराही फिरू लागतो. पहिली टर्बाइन गरम वायूचा झोत तयार करते, दुसरी त्या झोतावर फिरून गिअरबॉक्समार्फत प्रोपेलर चालवते. पिस्टनसारखी वरखाली आदळआपट नाही, त्यामुळे थरथर कमी आणि भरवसा जास्त.

मोल मोजावं लागतं ते इंजिन सुरू करताना. बॅटरी अशक्त असेल आणि गॅस जनरेटरला, म्हणजे पहिल्या टर्बाइनच्या भागाला, पुरेसे फेरे मिळण्याआधी इंधन आत गेलं, तर काही सेकंदांत आतलं तापमान मर्यादेपलीकडे जातं. याला हॉट स्टार्ट म्हणतात. त्या काही सेकंदांचं बिल लाखो डॉलरचं असू शकतं. पीसी-१२ एनजीएक्स आणि टीबीएम ९६० या नव्या विमानांत इंजिन संगणकाच्या ताब्यात असतं आणि सुरू होण्याची क्रिया तोच सांभाळतो. जुन्या विमानांत तो पहारा तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनी द्यायचा असतो. दोन पिढ्यांची तुलना करताना हा फरक मी वेगाच्याही वर ठेवतो.

भारताशी थेट संबंध असलेली एक गोष्ट इंधनाची. टर्बोप्रॉप जेट ए-१ वर चालतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला एटीएफ म्हणतात ते. मोठी विमानं जिथे उतरतात तिथे ते मिळतंच. पिस्टन विमानांना लागणारं अ‍ॅव्हगॅस भारतात शोधत फिरावं लागतं.

पायरी १ : वर्षभराच्या प्रवासाची यादी

कागदावर चार रकाने आखा : कुठून कुठे, किती नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५२ किलोमीटर), किती माणसं, किती सामान. मागचे बारा महिने आठवून भरा. जे प्रवास विमान छोटं म्हणून राहिले, तेही वेगळ्या शाईने लिहा. यादी पूर्ण झाली की लांबीच्या क्रमाने लावा आणि दहापैकी नऊ प्रवास ज्या अंतराच्या आत बसतात, तो आकडा अधोरेखित करा. विमान घ्यायचं ते या आकड्यासाठी. वर्षातून एकदा कुटुंबाला घेऊन एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचं असेल, तर एअरलाइनचं तिकीट काढा किंवा मध्ये एक थांबा घ्या.

आता वेग. तो नॉटमध्ये मोजतात, म्हणजे तासाला किती नॉटिकल मैल. डॅलस ते शिकागो हा प्रवास साधारण ७०० नॉटिकल मैलांचा. टीबीएम ९६० त्याच्या कमाल ३३० नॉटने गेलं तर हवेत दोन तास सात मिनिटं. ३०१ नॉटचं पायपर एम७०० फ्युरी दोन तास वीस मिनिटं घेईल, २९० नॉटचं पीसी-१२ दोन तास पंचवीस आणि २७४ नॉटचं पायपर एम६०० दोन तास तेहतीस. सर्वात वेगवान आणि सर्वात हळू यांच्यात सव्वीस मिनिटांचा फरक. डॅलस-ह्यूस्टन हा प्रवास २०० मैलांचा. तिथे चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो आणि हा फरक आणखी आक्रसतो. हिवाळ्यात पश्चिमेकडे निघालात आणि समोरून ८० नॉटचा वारा लागला, की विमानाच्या नावापेक्षा त्या दिवसाचा वाराच पोहोचण्याची वेळ ठरवतो.

वेग निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. आठवड्याला दोनदा ९०० मैल जाणाऱ्या माणसाला ३३० नॉटची किंमत वसूल होते. ते तुमच्या यादीत दिसलं पाहिजे, इतकंच.

पायरी २ : वजनाचा हिशेब, आणि इथे घाई नको

नवखा माणूस सीट मोजतो. सहा सीट म्हणजे सहा माणसं, असं तो धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात दोन बॅगा धावपट्टीच्या कडेला हँगरमध्ये ठेवून निघावं लागलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब तुम्ही विमान घेण्याआधी करा.

एम६०० चं उदाहरण घेऊ. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन जास्तीत जास्त ६,००० पौंड, म्हणजे २,७२२ किलो असू शकतं. उपकरणं, तेल, खुर्च्या धरून तुमच्या विशिष्ट विमानाचं रिकामं वजन समजा १,६८० किलो आहे. उरले १,०४२ किलो. टाकीत २६० गॅलन, म्हणजे सुमारे ९८४ लिटर इंधन मावतं, आणि त्याचं वजन साधारण ७९० किलो. पूर्ण टाकी भरली की राहतात २५२ किलो. त्यात पायलट धरून तीन धडधाकट माणसं बसतात, बॅगा बाहेर राहतात. खुर्च्या मात्र सहा आहेत.

म्हणून टाकी पूर्ण भरायची नाही. डॅलस-शिकागोला चढाई, प्रवास आणि पाऊण तासाचं राखीव धरून समजा ४८० किलो इंधन पुरतं. आता ५६२ किलो उरले. ऐंशी किलोची सहा माणसं म्हणजे ४८०, आणि सामानाला ८२ किलो. इथे आनंद मानायच्या आधी तिसरी मर्यादा बघा, झीरो फ्युएल वेट. टाकीत थेंब नसताना विमान, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते ही मर्यादा सांगते. इंधन पंखांत असतं आणि माणसं धडात, त्यामुळे धडात जितकं वजन जास्त तितका पंखांच्या मुळाशी ताण जास्त. ही मर्यादा २,२०० किलो धरली तर माणसं आणि सामान मिळून ५२० किलो. सहा माणसं बसली की सामानाला राहिले ४० किलो. आई-बाबांच्या एकेका सुटकेसचं वजन आठवा. त्यानंतर वजन पुढे-मागे कुठे पडतं, म्हणजे गुरुत्वमध्य, हाही हिशेब असतोच.

हाच कागद प्रत्येक उमेदवारासाठी करा. पीसी-१२ चं कमाल वजन ४,७४० किलो आहे. माणसं-सामान मिळून ते सुमारे एक टनापर्यंत नेतं, आणि १,५०० लिटरची टाकी पूर्ण भरूनही चारशे किलोंच्या वर उरतात. टीबीएमच्या ९०० मालिकेत पूर्ण टाकीनंतर साधारण चारशे किलो राहतात. ब्रोशरमधलं रिकामं वजन घेऊ नका. विकणाऱ्याकडून त्याच विमानाचा, त्याच सिरियल नंबरचा वजनाचा तक्ता मागा. लेदरच्या जड खुर्च्या, जास्तीचे रेडिओ, एसी यांनी शंभर किलो सहज वाढलेले असतात.

पायरी ३ : धावपट्टी, ऊन आणि उंची

समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, ५० फुटी अडथळा ओलांडून उडायला पीसी-१२ ला सुमारे २,५०० फूट लागतात, टीबीएम ९६० ला तितकेच, एम६०० ला थोडे जास्त. एम७०० फ्युरी हेच २,००० फुटांच्या आत करतं. उन्हाळ्यात हे आकडे फुगतात. टर्बोप्रॉपची जमेची बाजू अशी की इंजिनाची खरी ताकद बरीच जास्त असते आणि ती मुद्दाम बांधून ठेवलेली असते. पीसी-१२ चं इंजिन १,८०० हून जास्त अश्वशक्तीचं असून वापर १,२०० चाच होतो. त्यामुळे ऊन वाढलं, हवा विरळ झाली, तरी १,२०० मिळत राहतात. एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी किंवा कोलोरॅडोतल्या उंच विमानतळावर पिस्टनवाल्याचा जीव जिथे टांगणीला लागतो, तिथे हे साठवलेलं बळ कामाला येतं. पंख आणि प्रोपेलरला मात्र विरळ हवा विरळच लागते. म्हणून तक्त्यातला उन्हाचा रकाना वाचल्याशिवाय जायचं नाही.

गवताच्या किंवा खडीच्या पट्टीवर जायचं असेल तर यादी लगेच छोटी होते. पीसी-१२, सेसना कॅरॅव्हॅन आणि कोडिअ‍ॅक ही तीन नावं उरतात.

पायरी ४ : उमेदवारांची ओळख

पिलाटस पीसी-१२ स्वित्झर्लंडच्या स्टान्स गावात बनतं. पहिलं उड्डाण १९९१ सालचं, आणि आजवर दोन हजारांहून जास्त विमानं बाहेर पडली आहेत. मागे सव्वा मीटरहून रुंद असा मालाचा दरवाजा आहे. स्ट्रेचर, सायकली, पाळीव कुत्र्याचा मोठा पिंजरा, सगळं जातं. ऑस्ट्रेलियाची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस दुर्गम भागातल्या रुग्णांसाठी ते वापरते, त्यामागे हा दरवाजा आणि कच्च्या पट्टीवर उतरण्याची क्षमता आहे. केबिन दीड मीटर रुंद असते, पुढे शौचालय बसवता येतं. दोन तासांच्या प्रवासात वडीलधारी माणसं सोबत असतील तर शौचालय ही चैन राहत नाही. किंमत, हँगरची जागा आणि विमा, तिन्ही मोठं. १६ मीटरहून लांब पंख तुमच्या हँगरच्या दारातून आत जातात का, ते टेप लावून मोजा.

डाहेरचं टीबीएम फ्रान्समधल्या तार्बचं. नावातलं टीबी तार्बवरून आणि एम अमेरिकेच्या मूनी कंपनीवरून आलं, कारण सुरुवात दोघांनी मिळून केली होती. टीबीएम ७०० ला १९९० मध्ये प्रमाणपत्र मिळालं, मग ८५० आलं, २०१४ मध्ये ९००, आणि २०२२ मध्ये ९६०. केबिन १.२ मीटर रुंद, म्हणजे मोठ्या गाडीसारखी. हे पायलटचं विमान आहे. स्वतः उडवायला आवडतं, सोबत दोघं-तिघं आणि अंतर लांब, अशा माणसाला ते शोभतं. ३०८ नॉटच्या किफायतशीर वेगाला तासाला सुमारे ५७ गॅलन पितं, आणि या वेगाला हा आकडा फार चांगला आहे.

पायपरची एम मालिका फ्लोरिडात व्हेरो बीचला बनते. पायपरचंच जुनं पिस्टन विमान मालिबू उडवलेल्या माणसाला कॉकपिट ओळखीचं वाटतं, कारण मूळ सांगाडा तोच. एम६०० २०१६ पासून आहे, आणि २०२४ मध्ये ७०० अश्वशक्तीचं एम७०० फ्युरी आलं, तेव्हा त्याची किंमत सुमारे ४१ लाख डॉलर होती. २००० साली प्रमाणपत्र मिळालेलं मेरिडियन जुन्या बाजारात या वर्गातलं सर्वात परवडणारं दार आहे. वेग २६० नॉट, पल्ला साधारण १,००० मैल, आणि वजनाचा हिशेब सर्वात कडक. मी त्यात समाधानी आहे, कारण माझ्या वहीतल्या बहुतेक प्रवासांत आम्ही दोघं-तिघंच असतो.

ओरेगनच्या बेंड गावातलं एपिक ई१००० हे सगळं अंग कार्बन फायबरचं. १,२०० अश्वशक्ती, ३३३ नॉट, ३४,००० फूट. कागदावर ते सगळ्यांच्या पुढे आहे. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचं, प्रमाणपत्र २०१९ च्या शेवटी मिळालं, त्यामुळे ताफा लहान आणि सेवाकेंद्रंही कमी. ओरेगनपासून दूर राहत असाल तर जवळचं सेवाकेंद्र किती तासांवर आहे ते आधी बघा.

कॅरॅव्हॅन आणि कोडिअ‍ॅक या दोन कामकरी विमानांत केबिनमध्ये दाब नसतो आणि चाकं आत जात नाहीत. वेग १७० ते २१० नॉट. उंच गेलात की नाकाला ऑक्सिजनची नळी लावायची, वादळावरून जाता येत नाही, त्याला वळसा घालायचा. पण मासेमारीचा तलाव, जंगलातली पट्टी, पाणी यांच्याशी तुमचं नातं असेल तर यांना पर्याय नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात जे सीप्लेन चाचणीसाठी उतरलं ते कोडिअ‍ॅकच होतं. मुंबईकरांनी ते किनाऱ्यावरून पाहिलेलं असेल.

सेसनाच्या डेनालीबद्दलही विचारणा होते. पहिलं उड्डाण नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, त्यातलं जीईचं कॅटलिस्ट इंजिन नवं आहे आणि त्याला एफएएची मान्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाली. विमानाच्या प्रमाणपत्राची तारीख वारंवार पुढे गेली आहे. पहिलं टर्बोप्रॉप म्हणून मी नवख्याला हे सुचवणार नाही. ज्या विमानाचे दोष हजारो तासांत कळून दुरुस्त झालेत, ते घ्या.

पायरी ५ : एकच इंजिन, हा प्रश्न घरी नक्की निघणार

माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी विचारलं, "ते एक बंद पडलं तर?" तिला दिलेलं उत्तर तुम्हालाही देतो. या वर्गाची विमानं मुद्दाम कमी वेगाला उतरतील अशी बनवतात. पीसी-१२ ६७ नॉटच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख त्याला तोलून धरत नाहीत. जमिनीला टेकताना वेग जितका कमी, तितकी अंगावर येणारी ऊर्जा वर्गाच्या पटीत कमी. प्रोपेलर फेदर करून, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या धारेत वळवून, पीसी-१२ दर हजार फुटांमागे साधारण अडीच नॉटिकल मैल तरंगतं. २८,००० फुटांवर असाल तर हाताशी सत्तर मैलांचं वर्तुळ आहे, आणि अमेरिकेच्या मध्यभागात तेवढ्यात विमानतळ सापडतो. रात्री डोंगरावरून किंवा उघड्या समुद्रावरून जाताना मात्र ते वर्तुळ नकाशावर काढून बघायचं, आणि त्यात काहीच येत नसेल तर वाट वाकडी करायची.

खरा धोका बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. मे २०११ मध्ये पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीला येणारं पीसी-१२ फरीदाबादला वस्तीवर कोसळलं आणि विमानातले सात व जमिनीवरचे तीन असे दहा जण गेले. चौकशीत इंजिनाला दोष लागला नाही. खराब हवामान, नियंत्रणं हाताळण्यातली चूक आणि दिशाभ्रम यांपैकी एक किंवा यांचं मिश्रण, असं कारण निघालं. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून निघालेल्या टीबीएम ९०० मध्ये केबिनचा दाब बिघडला. पायलटने खाली येण्याची परवानगी मागितली, मग त्याचं बोलणं तुटक झालं आणि थांबलं. विमान ऑटोपायलटवर जमैकापर्यंत गेलं आणि इंधन संपून समुद्रात पडलं. २८,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय नीट विचार करता येण्याची मुदत अडीच-तीन मिनिटं, दाब एकदम गेला तर त्याच्या निम्मी. म्हणून दाबाचा दिवा लागला की पहिल्यांदा मुखवटा तोंडावर, मग रेडिओ, मग कारण शोधणं. हा क्रम हाताला सवयीने यायला हवा.

टीबीएमसारख्या ताकदवान विमानांचा आणखी एक स्वभाव सांगतो. कमी वेगाला, उतरता उतरता उतरणं रद्द करून एकदम पूर्ण पॉवर दिली तर प्रोपेलरच्या पिळाने विमान डावीकडे कलंडू पाहतं. अशाने अपघात झाले आहेत. पॉवर हळू द्यायची आणि उजवा पाय तयार ठेवायचा.

आता ऑटोलँड. पायलट बेशुद्ध पडला तर प्रवाशाने एक बटण दाबायचं आणि विमान स्वतः धावपट्टी निवडून उतरतं. गार्मिनची ही सोय मे २०२० मध्ये पहिल्यांदा एम६०० वर प्रमाणित झाली, त्याच वर्षी टीबीएम ९४० वरही आली. शेजारी नेहमी जोडीदार किंवा आई-बाबाच बसत असतील, तर बजेट ताणूनही मी ही सोय घेईन. बटण कुठे आहे आणि दाबल्यावर काय होतं, हे घरच्यांना जमिनीवर दोनदा दाखवा.

पायरी ६ : तुम्ही तयार आहात का

अमेरिकेत १२,५०० पौंडांच्या आतल्या टर्बोप्रॉपला टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानापुरता वेगळा परवाना, लागत नाही. कॉम्प्लेक्स, हाय-परफॉर्मन्स आणि हाय-अल्टिट्यूड या प्रशिक्षकाने लॉगबुकात करायच्या नोंदी लागतात. कायदा इथे थांबतो, विमा कंपनी थांबत नाही. तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगांतून फक्त उपकरणांवर उडवण्याचा परवाना, हवं असतं, सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण हवं असतं, मग पहिले २५ तास, कधी ५०, अनुभवी मार्गदर्शक शेजारी बसवून. पुढे दरवर्षी पुन्हा प्रशिक्षण. विम्याचा दलाल विमान पसंत करण्याआधी गाठा. तुमच्या तासांवर अमुक विमानाचा विमा मिळेल का आणि कितीला, हे त्याला विचारा. यादीतली दोन नावं तिथेच गळून पडतील.

आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं : अमेरिकेत ग्रीन कार्ड असलं तरी नागरिक नसलेल्यांना प्राथमिक, इन्स्ट्रुमेंट किंवा मल्टी-इंजिन प्रशिक्षणाआधी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, परवानगी घ्यावी लागते. विमानाची नोंदणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावावर होते. एच-१बी वर असाल तर स्वतःच्या नावावर होत नाही. त्यासाठी मालकी ट्रस्टकडे ठेवण्याची कायदेशीर रीत आहे, आणि ती विमानवाहतुकीतल्या वकिलाकडूनच करून घ्या.

भारतात ठेवायचं असेल तर आयातीआधी डीजीसीएची (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी, व्हीटी अक्षरांची भारतीय नोंदणी आणि मान्यताप्राप्त देखभाल संस्था या तीन गोष्टी आधी पक्क्या करा. खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. रिकाम्या दिवसांत चार्टरला देऊन खर्च काढू, हा विचार असेल तर तो वेगळ्या परवान्याचा आणि वेगळ्या खर्चाचा धंदा आहे. मुंबई, गोवा किंवा कोकणपट्टीत विमान राहणार असेल तर खाऱ्या हवेने कंप्रेसर आणि टर्बाइनची पाती खराब होतात. इंजिन पाण्याने धुण्याचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून पाळा आणि हँगर बंदिस्त घ्या.

पायरी ७ : वर्षाचा खर्च दोन ढिगांत

एका ढिगात न उडताही येणारा खर्च : हँगर, विमा, वार्षिक तपासणी, प्रशिक्षण, नकाशे-डेटाची वर्गणी. दुसऱ्यात तासागणिक : इंधन, इंजिन आणि प्रोपेलरसाठी बाजूला टाकायचे पैसे, टायर-ब्रेक. समजा पहिला ढीग १,२०,००० डॉलरचा झाला. वर्षाला शंभर तास उडलात तर तासामागे १,२०० डॉलर, दोनशे तास उडलात तर ६००. शंभराच्या खाली उडणाऱ्याने भागीदार शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन समजूतदार भागीदार आणि नीट लिहिलेला करार असेल तर मोठं विमान अर्ध्या पैशात पडतं.

इंजिनासाठी दर तासाला पैसे बाजूला टाकायलाच हवेत. मेरिडियन आणि एम६०० च्या इंजिनाचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधणी, ३,६०० तासांनी, साधारण अर्ध्यावर हॉट सेक्शनची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागाची, तपासणी. पीसी-१२ एनजीएक्स आणि टीबीएम ९६० च्या इंजिनाला ५,००० तास. ओव्हरहॉलला समजा पाच लाख डॉलर लागले, तर ३,६०० तासांच्या इंजिनावर तासाला सुमारे १४० डॉलर. आता बाजारात ३,२०० तास झालेलं 'स्वस्त' विमान दिसलं, तर त्याच्या किमतीत वापरून झालेल्या तासांचे पैसे मिळवून मगच दुसऱ्याशी तुलना करा.

पायरी ८ : विकत घेण्याआधीची तपासणी

नाव ठरलं की त्या प्रकारच्या मालकांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या. पीसी-१२, टीबीएम आणि पायपर एम मालिका, तिन्हींच्या संघटना अमेरिकेत आहेत. कुठल्या सालच्या विमानात कुठला भाग त्रास देतो, हे तिथली माणसं मोकळेपणाने सांगतात.

मग तपासणी अशा केंद्रात, ज्याने हे विमान आधी कधी सांभाळलेलं नाही. लॉगबुक पहिल्या पानापासून सलग असायला हवीत. इंजिनाच्या आत बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून टर्बाइनची पाती बघायची. इंजिनाच्या तापमान-फेऱ्यांच्या मागच्या नोंदी मागायच्या, कारण दुखणं आधी त्या आलेखात दिसतं. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, वीज पडली होती का, टाक्या पाझरतात का, गंज कुठे आहे. मालकी आणि कर्जाचा शोध ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयात होतो, आणि पैसे एस्क्रोमधूनच, म्हणजे त्रयस्थाकडे ठेवलेल्या खात्यातूनच, द्यायचे. विकणारा कितीही भला वाटला तरी अनामतीच्या करारात 'तपासणीत इंजिनाचा दोष निघाला तर अनामत परत' हे वाक्य असू द्या. माझ्या एका मित्राची अनामत फक्त या एका वाक्यामुळे परत आली.

चाचणी उड्डाणाला घरच्यांना सोबत न्या. आईला पायऱ्या चढून आत वाकून बसता येतं का, मागच्या सीटवर बोललेलं ऐकू येतं का, तास झाल्यावर पाय कुठे ठेवायचे, हे त्याच सांगतील.

विमान घरी आलं की पहिले पन्नास तास दिवसा, ओळखीच्या आणि लांब धावपट्ट्यांवर, मार्गदर्शक शेजारी बसवून उडवा. टाकी अर्धी, माणसं कमी. रात्रीचं उड्डाण, बर्फाचे ढग आणि पूर्ण भरलेली केबिन हे तिन्ही एकाच दिवशी नको. एकेक वेगळं करून शिका आणि प्रत्येक उड्डाणानंतर निघतानाचं इंधन, उतरतानाचं इंधन आणि लागलेला वेळ त्याच वहीत लिहा, जिच्यात सुरुवातीची प्रवासांची यादी केली होती. तीनेक महिन्यांनी ब्रोशरमधल्या आकड्यांच्या जागी तुमच्या विमानाचे खरे आकडे हाताशी असतील, आणि पुढच्या प्रत्येक प्रवासाचा हिशेब त्यांच्यावर करायचा.